बीव्हर घालू की लून?

"अर्ध्या तासाचं काम!" लारिसाने जाहीर केलं. "फार तर पाऊण! तुमची कॉफी निवायच्या आत ड्रॉबीचा स्कोअर रेजायनात!"

गावच्या बर्फाच्या रिंकच्या स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरणाऱ्या पाच बायकांचे दहा हात एकदम थांबले. लारिसा होलोवाटी सोळा वर्षांची होती, अकरावीत होती आणि गेल्याच महिन्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आली होती. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला अधूनमधूनच लागत. स्पर्धेत एकूण तीनच मुलं होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं!

"अगं, पण ते जुनाट खोकं," स्टेफी आत्या म्हणाली. आत्या म्हणजे स्वयंपाकघराची सर्वाधिकारी. "त्याला हात लावायला मोठमोठे घाबरतात."

"मोठमोठे घाबरतात, आत्या. मी नाही!"

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर गिडोंसाठी. गिडो म्हणजे लारिसाचे आजोबा, आत्याचे वडील. ड्रॉबी हे कॅनडातलं गाव, निम्मी घरं युक्रेनहून आलेली, तिथे आजोबांना गिडोच म्हणतात. एकतीस वर्षं रिंकचं बर्फ गिडोंनी घातलं. कर्लिंगमध्ये वीस किलोचा दगड बर्फावरून सरकवून वर्तुळाच्या मधोमध थांबवायचा असतो; दगड सरकत जायचा, त्याचा वेग टिकावा म्हणून पुढे दोघं झाडू मारत पळायची, आणि दगड थांबायचा तो गिडोंच्या बर्फाला मान देऊनच. एकतीस वर्षांत त्या बर्फावर ते एकदाही पडले नाहीत. आणि यंदा जानेवारीत भाचीच्या लग्नात, कोरड्या खटखटीत लाकडी जमिनीवर पोल्का नाचताना असे आपटले, की खुबाच मोडला!

तेव्हापासून गिडो अडीच तासांवर, रेजायना शहरातल्या हॉस्पिटलात. आणि शनिवारी गावातल्या कर्लिंगचे वार्षिक सामने! गिडोंची टीम खेळणार, आणि बर्फ पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी घातलेलं.

"लारिस्को," ते फोनवर म्हणाले होते, "फळं नकोत, फुलं नकोत. तेवढी फायनल मला चुकू देऊ नको."

आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरासा कापला होता. उणे चाळीसात उघड्या डोक्याने फिरणारा माणूस, त्याचा आवाज कापला! लारिसाने त्याच क्षणी ठरवलं. हॉस्पिटलात पेशंटांच्या बैठकीच्या खोलीत इंटरनेटचा कॉम्प्युटर आहे, असं गिडोंनीच सांगितलं होतं. रिंकच्या कॉम्प्युटरवरून प्रत्येक फेरीचा स्कोअर शाळेच्या वेबपानावर टाकायचा, गिडोंनी तिकडे बसून बघायचा. स्कोअर पाठवणारा प्रोग्रॅम तर तिने दोन संध्याकाळींत लिहूनही टाकला!

अडचण एवढीच होती, की रिंकचा कॉम्प्युटर ब्याण्णव सालचा होता, आणि आता अठ्ठ्याण्णव उजाडलं होतं. हॉलमधला दिव्यांचा मोठा स्कोअरबोर्ड तोच चालवी. बोर्डाचा प्रोग्रॅम लिहिणारे मास्तर बदली होऊन अल्बर्टाला गेले ते गेलेच. त्यामुळे त्याची सिस्टिम बदलायची कुणाची छाती नव्हती. आणि ती सिस्टिम जन्मली तेव्हा ड्रॉबीत इंटरनेट आलेलंच नव्हतं. नेटवर्क म्हणजे काय, हे तिच्या गावीही नव्हतं!

अशा अडाणी सिस्टिमला शहाणं करायला एक लायब्ररी घालावी लागते. पुस्तकांची नव्हे हो! प्रोग्रॅमची. म्हणजे असं समजा, की हत्यारांची भरलेली पेटी घेऊन एक गडी कोपऱ्यात बसलेला असतो. बाकीचे प्रोग्रॅम त्याला नावाने हाक मारतात, "अरे, एवढं पाठव रे," की तो उठतो, मोडेमला हलवून जागं करतो, फोन लावतो आणि पाठवतो. त्या जुन्या सिस्टिमसाठी असे दोन गडी मिळत. एकाचं नाव बीव्हर, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्यावरून; दुसरीचं लून, तळ्यात ऊऽऽ करणाऱ्या पक्ष्यावरून. बीव्हर थोडक्या जागेत राहणारा, सोशिक, पण संथ. लून नवी, चटपटीत, पण मशीनची मेमरी अशी खायची, जशी मळणीवरची माणसं दुपारचं जेवण खातात! आणि गंमत म्हणजे दोघांच्या फायलींचं नाव अगदी एकच, कारण प्रोग्रॅम त्याच एका नावाने हाक मारतात. तेव्हा एका मशीनमध्ये एकच ठेवायची. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार!

शहाण्या माणसाने दोन्ही तपासून एक निवडली असती. लारिसाने गावात विचारलं. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

ड्रॉबीत एक कॉम्प्युटर क्लब आहे. सभासद चार. एक जण कॉफीसाठी येतो, एक जण घरी बायको रागावते म्हणून येतो. उरलेले दोघे म्हणजे लाइल मॅकअस्किल आणि अर्विड लिंडक्विस्ट. लाइलकाका टेलिफोनच्या तारा ओढून निवृत्त झालेले, अर्विडकाका सहकारी दुकानात खिळे-स्क्रू विकून. चाळीस वर्षांची दोस्ती. रोज सकाळी कॅफेत एकाच टेबलावर, त्याच दोन खुर्च्यांवर. पण एक खुर्ची बीव्हरवाली आणि एक लूनवाली!

लाइलकाकांनी तिला रिंकबाहेर गाठलं. उणे एकतीस! त्या थंडीत त्यांनी हातमोजा काढला, कोटाची बटणं उघडली, आणि अगदी आतल्या खिशातून, छातीच्या उबेत ठेवलेली फ्लॉपी बाहेर काढली.

"बीव्हर घाल, पोरी. लूनबद्दल मी वाईट बोलणार नाही. अर्विड माझा मित्र आहे."

"हो, काका."

"पण मशीनमध्ये लून घालणं म्हणजे मेहुण्याला हिवाळाभर घरी ठेवून घेणं. फ्रीज रिकामा, आणि वर सोफ्यावर झोपलेला."

"हो, काका."

"मी वाईट बोलत नाहीये."

"छे, मुळीच नाही."

"मग बीव्हरच ना?"

ड्रॉबीच्या लोकांना 'नाही' हा शब्द येत नाही, असं नाही. येतो. पण तो ते पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा कपाटात ठेवतात, वापरत नाहीत. त्यात काकांची बोटं थंडीने बिटासारखी लाल झालेली! लारिसा म्हणाली, "बीव्हरच!"

वीस मिनिटांनी दुकानात अर्विडकाका भेटले. त्यांनी लूनच्या दोन फ्लॉप्या कागदी पिशवीत घालून दिल्या, वर बटर टार्टची डबी.

"बीव्हरला मी नावं ठेवणार नाही हं."

"नाही, काका."

"लाइलचा जीव आहे त्याच्यावर. पण माझी आजी वॉकर घेऊन त्याच्यापेक्षा लवकर पोचायची."

"हो, काका."

"तीन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं गं, की कुठली घालू," अर्विडकाका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "शनिवारी येऊन बघेन. लून चालताना बघायची आहे मला. लूनच ना?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ड्रॉबीत ती जुळी बहीण असावी. लारिसा म्हणाली, "लूनच!"

शुक्रवारी संध्याकाळी, दोन्ही पिशव्या समोर मांडून ती रिंकच्या कॉम्प्युटरपुढे बसली, आणि तिच्या डोक्यात वीज चमकली. दोन्ही घालायच्या! एकदम नव्हे, आळीपाळीने. मशीन सुरू होताना विचारणार, एक की दोन? एक दाबला की बीव्हर हजर, स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी बीव्हरचं चित्र. दोन दाबला की लून, उजव्या कोपऱ्यात पक्षी, आणि वर एक लांबलचक "ऊऽऽऽ!" लाइलकाका आले की एक, अर्विडकाका आले की दोन. कुणाचंही मन मोडायला नको!

"डोकं लागतं, आत्या!" ती म्हणाली.

"आणि दोघं एकदम आले तर?"

"एकदम कसे येतील?"

"रोज सकाळी कॅफेत येतात तसे."

"आत्या, तू तुझ्या पिरोगींकडे बघ!"

शनिवारी नऊला सामने सुरू झाले. लाइलकाका सव्वानऊला आले, डाव्या कोपऱ्यातल्या बीव्हरला बघून लहान बाळाला बघावं तसे हसले. पहिला स्कोअर गेला. स्क्रीनवर 'पाठवलं' असं उमटलं आणि लारिसाला वाटलं, आपलं आता पंतप्रधान व्हायचंच काय ते राहिलं! तिकडे रेजायनात गिडो स्क्रीनसमोर बसलेत, त्यांच्या भुवया वर गेल्यात, शेजारच्या पेशंटाला कोपराने ढोसून सांगतायत, "माझी नात!" सगळं तिला स्पष्ट दिसत होतं.

दहाला लाइलकाका गाडीचा हीटर बघायला बाहेर पडले, आणि काचेतून अर्विडकाकांची टोपी दिसली. लारिसाने झडप घालून मशीन बंद केलं, सुरू केलं, दोन दाबला. आता सुरू व्हायला त्या म्हाताऱ्या मशीनला चार मिनिटं लागत. तेवढा वेळ वरचा बोर्ड काळाठिक्कर! आणि मोडेम फोन लावताना असं किंचाळायचं, जसं मळणीयंत्रात मांजर सापडलंय.

"ए पोरी, बोर्ड गेला!" बर्फावरून आरोळी आली.

"थंडीने!" लारिसा ओरडली.

"ऊऽऽऽ!" लून ओरडली.

"अहाहा!" अर्विडकाका म्हणाले.

साडेदहाला लाइलकाका. मशीन बंद, मशीन सुरू, एक. सव्वाअकराला अर्विडकाका. मशीन बंद, मशीन सुरू, दोन. दोन यजमानांकडे एकाच वेळी पान घेतलेल्या भटजीसारखी तिची गत झाली! बोर्ड गेला की प्रत्येक वेळी नवी सबब. "वायर हलली!" "दिव्यांना दम लागतो!" "त्याचं वय झालंय, जरा पडू द्या ना त्याला!" दुपारपर्यंत मशीन अकरा वेळा मेलं आणि अकरा वेळा जिवंत झालं. एवढी सोय देवळातल्या देवांनाही नसते.

"एक मात्र बरं आहे," स्टेफी आत्या तिला पिरोगींची बशी देत म्हणाली, "आज फोन एकदाही वाजला नाही. एरवी सामन्यांच्या दिवशी जीव नकोसा करतो."

"हं," लारिसा म्हणाली. तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं आणि अर्धं आंबट सायीकडे. रिंकला फोनची लाइन एकच आहे, आणि ती सकाळपासून मोडेमच्या तोंडात आहे, एवढा विचार करायला तिसरं अर्धं शिल्लक नव्हतं!

दोन वाजता फायनल. गिडोंची टीम पोचली होती! कप्तान डग, झाडूवर ब्रेंडा, आणि समोर पोस्टमास्तरीणबाई यूनिसची टीम. लारिसाने नुकतंच मशीन बंद केलं होतं, कारण डाव्या दारातून लाइलकाका येताना दिसले. ते येऊन डावीकडे उभे राहिले. तेवढ्यात उजव्या दारातून अर्विडकाका आले. ते उजवीकडे उभे राहिले.

"काय म्हणतो बीव्हर?" लाइलकाका.

"काय म्हणते लून?" अर्विडकाका.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी लारिसाकडे पाहिलं.

"छान!" लारिसा म्हणाली.

स्क्रीनवर प्रश्न लुकलुकत होता. एक की दोन? आयुष्यात इतका सोपा प्रश्न इतका अवघड कुणाला गेला नसेल! एक दाबला तर अर्विडकाकांचा चष्मा ओला. दोन दाबला तर ती लाल बोटं. लारिसाच्या कपाळावर, बर्फाच्या रिंकमध्ये, घाम! आणि मग तिने ते केलं, जे फक्त ड्रॉबीचा माणूसच करू शकतो. तिने दोन्हींना एकदम आत घेतलं. लूनची फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, बीव्हरची आपल्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये. ज्याला जी जवळ मिळेल, त्याने तिला हाक मारावी!

डावीकडे बीव्हर उगवला. उजवीकडे पक्षी. "ऊऽऽऽ!" लारिसाने डोक्यावरची लोकरी टोपी उपसली आणि स्क्रीनवर मधोमध अशी लटकवली, की लाइलकाकांना डावाच कोपरा दिसावा आणि अर्विडकाकांना उजवाच.

"टोपी कशाला?" लाइलकाकांनी विचारलं.

"स्क्रीनला गार लागतं."

लाइलकाकांनी क्षणभर विचार केला. "हं. लागत असेल," ते म्हणाले. दुसऱ्याचं म्हणणं मोडायचं कशाला!

दोघेही खूश. मशीनच्या पोटात मात्र भलतंच चाललं होतं. फोन लावला लूनने, स्कोअर घेऊन आला बीव्हर, आणि मोडेमच्या दाराशी दोघं समोरासमोर! 'आधी तुम्ही.' 'छे छे, आधी तुम्ही.' 'अहो, तुम्ही आधी आलात.' 'पण तुम्हाला घाई असेल!' लाइन धरलेली, दार अडलेलं, आणि आत कुणीच जाईना. दोन ड्रॉबीकर चर्चच्या दाराशी भेटले की मागे रांग लागते, अगदी तसं. चौथ्या फेरीला बोर्ड तीन-तीनवर जो थिजला, तो थिजलाच.

"बोर्ड थांबला का गं?"

"विचार करतोय!"

शेवटी स्टेफी आत्याने टार्टच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर खडूने स्कोअर लिहिला आणि काचेला चिकटवला. गावाचं काम चाललं. पण स्क्रीनवर 'पाठवलं' काही उमटेना. गिडो! गिडो तिकडे थिजलेल्या पानाकडे बघत बसले असतील! पण दोन्ही बाजूंना दोन काका, हलायची सोय नाही.

आठवी फेरी. शेवटची! गिडोंची टीम एका गुणाने पुढे. डगने दगड सोडला, ब्रेंडा झाडू मारत सुटली, सगळं रिंक श्वास रोखून उभं, आणि तेवढ्यात—

टीं टीं टीं टीं!

बर्फावर पाच पेजर एकदम वाजले. ड्रॉबीची आगीची गाडी गावकरीच चालवतात, आणि गावातले जे कामाला येतात तेच खेळालाही येतात. आठ खेळाडूंपैकी पाच आगीवाले निघाले! झाडू टाकून ते पळाले. आता कर्लिंगच्या बुटांचं असं असतं, की एका पायाचा तळवा मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो. पाच माणसं एका पायाने धावत आणि दुसऱ्याने घसरत, मुख्य रस्त्यावरून हात पसरून गेली. वाऱ्यावर सोडलेल्या कोंबड्या बऱ्या!

सगळं रिंक खिडक्यांना चिकटलं. कुठे लागली आग? कुणाचं घर? सायरन ऐकू आला. गाडी दिसली. बँकेवरून वळली, कॅफे मागे टाकला, आणि थेट रिंकच्या दारात येऊन थांबली! दार धाडकन उघडलं. आत हेल्मेट घातलेला, तोंडावर मुखवटा चढवलेला माणूस.

"सगळे बाहेर!"

"डग?" स्टेफी आत्या म्हणाली. "अरे, तू आत्ताच बाहेर गेलास ना?"

"अमोनिया! बाहेर व्हा!"

हा शब्द ऐकल्यावर मात्र कुणी विनोद केला नाही. रिंकचं बर्फ थंड ठेवणारं यंत्र अमोनियावर चालतं, आणि तो गळला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. एकशे चाळीस माणसं उणे एकतीसात रस्त्यावर! आत्या पिरोगींचं पातेलं छातीशी धरून बाहेर आली. यूनिसबाई एका पायावर उभ्या, कारण गुळगुळीत बुटाचा पाय टेकला की घसरत होत्या.

दहा मिनिटांनी डग मुखवटा काढत बाहेर आला. "काहीच गळत नाहीये."

"मग कळवलं कुणी?" आत्याने विचारलं.

"रेजायनाहून फोन आला."

"रेजायनाहून?"

"तुझ्या वडिलांचा! सकाळी दहापासून रिंकला फोन लावतायत. एंगेज! सामन्यांच्या दिवशी पाच तास फोन एंगेज, म्हणजे कुणीतरी रिसीव्हर हातात धरूनच आडवं झालंय. बर्फवाल्या माणसाला दुसरं काय सुचणार? फोनला झालंय तरी काय?"

लारिसाच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळे आत आले. लाइलकाका मोडेमच्या वायरीकडे बघत राहिले. आयुष्यभर टेलिफोनच्या तारा ओढलेला माणूस, त्याला काय सांगायचं! ते हळूच बाकावर बसले. चेहरा पांढराफटक. "बीव्हर," ते पुटपुटले. "लाइन धरून बसला. माझ्या बीव्हरने गाव बाहेर काढलं." दुसऱ्या टोकाला अर्विडकाका भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. बराच वेळ. लून, लून, एवढंच ऐकू येत होतं.

लारिसाला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? टोपी आहे तिथे आहे!

तेवढ्यात बर्फावर खेळाडू जमले. पेजर वाजला तेव्हाचा डगचा दगड अगदी मोक्याच्या जागी थांबला होता. यूनिसबाई म्हणाल्या, "चला, दोन दगड राहिलेत, संपवू या." आणि ब्रेंडाने हात वर केला.

"तो दगड काढा. माझा झाडू लागला त्याला."

"आम्ही तर नाही पाहिलं," यूनिसबाई म्हणाल्या. "आणि पेजर वाजला, दचकायला होणारच. राहू दे गं."

"लागला म्हणजे लागला."

आमच्या खेळात पंच नसतो. झाडू लागलेला दगड बाद, आणि ज्याचा झाडू लागला, त्यानेच हात वर करायचा. कुणी पाहो, न पाहो. डगने दगड उचलून बाजूला ठेवला, आणि हातातली फायनल अशी निसटली, जशी ओल्या हातातून साबणाची वडी!

लारिसाने स्क्रीनवरची टोपी काढली. डाव्या कोपऱ्यात बीव्हर. उजव्या कोपऱ्यात पक्षी. दोघं एकमेकांकडे बघतायत.

"झाडू माझा लागला," ती म्हणाली.

दोन्ही काका उठून जवळ आले. स्क्रीनकडे पाहिलं.

"दोन्ही?" लाइलकाका.

"दोन्ही."

"म्हणजे बीव्हरचा दोष नाही?"

"नाही, काका."

"लूनचा?" अर्विडकाका.

"नाही, काका. माझा! मला तुम्हाला नाही म्हणता येईना. आणि तुम्हालाही!"

"अगं, मग म्हणायचं की!" अर्विडकाका कळवळून म्हणाले. "मला काय वाटणार होतं? मी स्वतः घरी दोन वर्षं बीव्हरच—"

ते थांबले. पण शब्द सुटला होता.

"काय म्हणालास?" लाइलकाका.

"लून मेमरी फार खाते रे."

"दोन वर्षं?"

"तुला वाईट वाटेल, असं... म्हणजे बरं वाटेल, असं... मला सांगता येईना."

लाइलकाकांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, मग एकदम पडला. "नाताळापासून," ते खाली बघत म्हणाले, "माझ्याकडे लून आहे."

"लाइल!"

"बीव्हर फार हळू चालतो!"

"आणि रोज सकाळी कॉफीवर मला त्याचं गुणगान ऐकवतोस?"

"तुझं लूनपुराण ऐकून ऐकून तर घातली मी!"

मग अर्विडकाका लारिसाकडे वळले. "ते जाऊ दे. पोरी, तू आता बीव्हरच घाल. लाइलचंच बरोबर होतं."

"छे छे!" लाइलकाका म्हणाले. "लून घाल. अर्विडचं बरोबर होतं."

"मी सांगतो ना, बीव्हर!"

"मी काही वाईट बोलत नाही, पण लून!"

"सरका!" स्टेफी आत्या दोघांच्या मधून घुसली. पिठाच्या हाताने तिने मोडेमची वायर उपटली आणि भिंतीवरच्या फोनला लावली. ती लावून पुरती सरळही झाली नव्हती, तोच फोन खणाणला. "घे," ती लारिसाला म्हणाली. "हा तुझाच असणार."

"कोण मेलं?" रिसीव्हरमधून पहिला प्रश्न आला.

"कुणी नाही, गिडो!"

"अमोनिया?"

"नाही, गिडो."

"बर्फ कसंय?"

"सरळ! अगदी तुमच्यासारखं!"

"माझ्यासारखं नसणार," गिडो समाधानाने म्हणाले. "आणि फायनल? संपली?"

लारिसाने फोनची गुंडाळलेली वायर खेचली, जाईल तितकी खेचली, आणि नाक काचेला टेकवलं. "नाही! दोन दगड राहिलेत! यूनिसबाई बसल्या... सोडला! डावीकडून येतोय, हळू आहे, झाडू मारतायत, थांबला! मधल्या वर्तुळात! त्यांचे दोन दगड आत, म्हणजे दोन गुण, आपला एकही नाही! आता डग. गिडो, डगने सोडला! वेग चांगला आहे, ब्रेंडा मारतेय, मारतेय, अजून मारतेय, वळतोय—"

"वळू दे! वळू दे त्याला!"

"वळला! पण... वीतभर... वीतभर अलीकडे थांबला, गिडो. हरलो. एका गुणाने. ब्रेंडाचा झाडू लागला होता मघाशी. तिनेच सांगितलं. नाहीतर जिंकलो असतो."

"तिनेच सांगितलं ना?"

"हो."

"मग झालं तर! आता यूनिस सगळ्यांना पाजेल, जिंकणाऱ्यानेच पाजायचं असतं. माझ्या वाटणीची बिअर लाइलला दे म्हणावं. अगं, काय सांगितलंस तू! अख्खा दगड दिसला मला. ठाणकन!"

लारिसाने डोळे पुसले. आज हात वर करायचा दिवसच होता, तर पुरताच करावा. "गिडो, चुकलं माझं. पानावर चौथ्या फेरीनंतर काहीच आलं नसेल ना?"

"कुठल्या पानावर?"

"कॉम्प्युटरच्या! सकाळचे स्कोअर दिसले ना पण? सगळे पाठवले होते मी!"

गिडोही ड्रॉबीतच जन्मलेले. ते जरा थांबले.

"फार सुंदर होतं," ते म्हणाले.

"गिडो."

"रंग तर काय सुरेख!"

"गिडो, पान काळं-पांढरं आहे."

रेजायनाहून एक लांब सुस्कारा आला. मग गिडोंचा आवाज एकदम खाली गेला, जसा कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून माणूस रिसीव्हरवर हात धरून बोलतो. "अगं, एक बाई सकाळी नऊपासून त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसल्यात. मी आपला मागे चाकांच्या खुर्चीत. आता बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? म्हटलं, फोनच करावा! आणि थांब, जरा बोलू नकोस हं... त्यांचा लाल राजा सुटतोय!"